मूळ संकेत

शिरीषराव डुबलांनी उभ्या आयुष्यात कुणाचं तोंड भरून कौतुक केलं नव्हतं. कऱ्हाडच्या पाणीपुरवठा विभागात नोकरीला असताना पाणी वेळेवर सुटलं तर ते गप्प बसायचे आणि नाही सुटलं तर हाताखालच्यांना फैलावर घ्यायचे. घरीही तोच कायदा होता. भाजी जमली तर मुकाट्यानं जेवायचं, बिघडली तर बोलायचं. उज्ज्वलानं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात हे ओळखलं होतं. नवरा गप्प जेवला की ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

त्यामुळे नवा संगणक बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगासमोरच्या पडद्यावर "उज्ज्वला, आमटी फार सुरेख झालीय. तुझ्या हाताची चव कुणालाच यायची नाही," अशी अक्षरं उमटली आणि पाठोपाठ यंत्रानं ती शिरीषरावांच्या जुन्या आवाजात वाचूनही दाखवली, तेव्हा तिच्या हातातला चमचा वाटीत पडला.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" तिनं घाबरून विचारलं.

"उत्तम वाटतंय. तू बस की जरा निवांत," यंत्र म्हणालं.

ती खरोखरच बसली. गेल्या पाच वर्षांत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी शिरीषरावांच्या उजव्या हातातून पेला सुटला आणि तिथून सगळं सुरू झालं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली. डोकं मात्र लख्ख राहिलं. दुखण्यातलं सगळ्यात वाईट तेच होतं, कारण इतकी वर्षं नगरपालिकेपासून राज्य सरकारपर्यंत सगळ्यांवर टीका करणाऱ्या माणसाला आता तक्रारसुद्धा करता येईना.

तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर, नखाएवढी एक जाळी बसवली. माणसाची बोटं हलत नसली तरी ती हलवण्याचा हुकूम मेंदूतून सुटतच असतो. तो हुकूम वाटेतच पकडायचा, एवढंच त्या जाळीचं काम. शिरीषरावांनी मनातल्या मनात कळफलकावर 'क'च्या जागी बोट दाबलं की जाळी ते टिपायची, उशाजवळच्या डबीकडे पाठवायची आणि डबीतून 'क' संगणकावर उमटायचा. हात हलवायची गरज उरली नव्हती, पण टंकलेखन येणं आवश्यक होतं. ते शिरीषरावांना उत्तम येत होतं, कारण वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात त्यांची हयात गेली होती.

ही पत्रं ते 'बोरू'वर लिहायचे. पुण्यातल्या दोघा-तिघा हौशी इंजिनिअरांनी फार पूर्वी बनवून फुकट वाटलेला तो मजकूर-संपादक. पांढरा पडदा आणि काळी अक्षरं, त्यापलीकडे त्यात काही नव्हतं. जे दाबाल ते उमटायचं. तो चूक सुधारायचा नाही, पुढचा शब्द सुचवायचा नाही. आजारी पडल्यावर जाळीही त्यांनी हट्टानं बोरूलाच जोडून घेतली. एक वाक्य लिहायला चहा निवण्याइतका वेळ लागायचा. उज्ज्वला पडद्याकडे बघत उभी राहायची आणि अखेर उमटायचं, "मीठ कमी." तरी ते त्यांचं असायचं.

मग जाळी बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं की जुनी संगणक प्रणाली आता सुरक्षित नाही, ती बंद होतेय आणि सगळ्यांना 'प्रवाह' नावाची नवी प्रणाली घ्यावी लागेल. मुलगी ऋतुजा पुण्याहून येऊन सगळं करून गेली. नव्या संगणकावर बोरू उघडायला गेलं की एकच चौकोन यायचा, 'हा कार्यक्रम या प्रणालीशी सुसंगत नाही.'

"का नाही म्हणे?" उज्ज्वलानं विचारलं होतं.

"आई, बोरूला एकेक अक्षर लागतं. आणि प्रवाहात अक्षरं नसतातच."

"अक्षरं नसतात म्हणजे?"

ऋतुजानं समजावून सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची, तिला समजावायची सवय होती. जुनी प्रणाली टपालवाल्यासारखी होती, अक्षर आलं की उचलायचं आणि पोचवायचं. प्रवाह वाट बघत नाही. मेंदूतून पहिले दोन-तीन हुकूम सुटले की तो बघतो, माणूस कोण आहे, समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, हा आजवर काय काय बोललाय. त्यावरून त्याला काय म्हणायचंय ते ओळखतो आणि अख्खं वाक्य तयार करून देतो. त्यासाठी माणसाचं आधीचं लिखाण त्याला आधी वाचायला द्यावं लागतं. शिरीषरावांचा बोरूमधला तीन वर्षांचा सगळा मजकूर ऋतुजानं दिला होता.

"म्हणजे त्यांचं बोलून व्हायच्या आधीच हा बोलणार?"

"बाबांच्याच मनातलं गं. फक्त पटकन. बोरू म्हातारा झाला आई, जाऊ दे आता."

आणि खरंच, पहिले काही दिवस उज्ज्वलाला बोरूची आठवणही आली नाही. घरात बोलणं परत आलं होतं. शिरीषराव सकाळी तिला झोप लागली का विचारायचे. शेजारच्या सुर्वेबाई आल्या तर त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. पूर्वी सुर्वेबाईंना बघून ते पेपर तोंडापुढे धरायचे, हे त्या दोघींनाही चांगलं माहीत होतं, पण माणूस दुखण्यानं बदलतो असं म्हणून दोघींनी ते सोडून दिलं. ऋतुजाला उपमुख्याध्यापिका केलं त्या दिवशी तिनं फोनवर बातमी सांगितली, तेव्हा यंत्रातून बाबांचा आवाज आला, "बाळा, मला तुझा फार अभिमान वाटतो." पलीकडे ऋतुजाला हुंदका फुटला. तिनं फोन ठेवल्यावर परत केला आणि ते वाक्य पुन्हा एकदा ऐकवायला लावलं.

एका संध्याकाळी पडद्यावर आलं, "आज मला मी नसल्यासारखं वाटतंय. जरा थकवा आहे." उज्ज्वलानं लगबगीनं त्यांच्या डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. खरं सांगायचं तर ती खूश होती. संसाराची इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो नवरा तिला आता, पलंगावर निपचित पडलेला का असेना, मिळाला होता. आपण कुणाच्या प्रेमात पडतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

डॉक्टर फडतरे त्याच आठवड्यात घरी आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी छाती तपासली, रात्री लावायच्या श्वासाच्या मुखवट्याचे आकडे पाहिले आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"डुबलसाहेब, स्पष्ट बोलतो. फुफ्फुसं आता फार दिवस साथ द्यायची नाहीत. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र कायमचं जोडलं, तर आणखी काही वर्षं निघतील. नाही जोडलं, तर काही महिने. जोडायचं का नाही हे तुम्हीच सांगायचंय. एकदा जोडलं की काढणं सोपं नसतं, हेही सांगून ठेवतो."

हा विषय बोरूच्या काळातही एकदा निघाला होता. तेव्हा शिरीषरावांनी लिहिलं होतं, "बघू." त्यापुढे ते गेले नव्हते आणि उज्ज्वलानंही रेटलं नव्हतं. आता तिचा जीव टांगणीला लागला.

पडद्यानं फारसा वेळ घेतला नाही. "हो डॉक्टर. मला जगायचंय. उज्ज्वलाबरोबर अजून खूप दिवस काढायचेत. लवकर करून टाका."

डॉक्टरांनी होकार नोंदवून घेतला. पुढच्या गुरुवारी सातारच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. ते गेल्यावर उज्ज्वलानं शिरीषरावांचा हात गालाला लावला आणि मनसोक्त रडली. आनंदानं रडून किती काळ लोटला होता.

सोमवारी सकाळी ती त्यांना रव्याची खीर भरवत होती. दोन-चार चमचे पोटात गेले आणि तिनं सवयीनं विचारलं, "अजून थोडी देऊ?"

"दे की. आज फार छान झालीय," यंत्र म्हणालं.

तिनं चमचा ओठांशी नेला आणि खीर सांडू नये म्हणून त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. बघता बघता नजर डोळ्यांवर गेली. ते डोळे तिच्याकडे रोखून पाहत होते. तसे डोळे तिनं फार वर्षांपूर्वी, कोयनेला पाणी चढलं होतं आणि माणसं पंपघरात अडकली होती, तेव्हा त्यांचेच पाहिले होते. चमचा आत गेला आणि शिरीषरावांना जोरात ठसका लागला. तोंड निळसर पडलं. तिनं घाईघाईनं खीर बाहेर काढली, पाठ चोळली, मुखवटा लावला. श्वास जाग्यावर यायला बराच वेळ लागला. मधल्या काळात यंत्र गोड आवाजात म्हणत होतं, "काळजी करू नकोस. मी बरा आहे."

तिला एकदम कळलं की प्रवाह आल्यापासून तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. तिनंच काय, कुणीच नाही. सुर्वेबाई, डॉक्टर, येईल तो पडद्याकडे तोंड करून बसायचा.

"अहो," ती खाली वाकून म्हणाली, "ही खीर हवी होती तुम्हाला? हवी असली तर पापणी मिटा."

पापण्या फडफडल्या. पण त्या आताशा आपोआपही फडफडायच्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की त्यांवर भरवसा ठेवू नका.

तिनं वाटी ठेवली आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरीच बटणं दाबून झाल्यावर शिरोडकर नावाच्या बाई फोनवर आल्या. आवाजावरून पन्नाशीच्या वाटत होत्या आणि सुदैवानं ऐकून घेणाऱ्या होत्या.

"त्यांनी मनात काय लिहिलं होतं, ते बघायला मिळेल का?" उज्ज्वलानं विचारलं. "तुमच्या यंत्रानं सजवायच्या आधीचं?"

"मूळ संकेत म्हणतो आम्ही त्याला. तो तुमच्या संगणकावर राहत नाही. आमच्याकडे थोडे दिवस असतो, मग पुसला जातो. खरं म्हणजे वाचून दाखवायची परवानगी नाही."

"बाई, गुरुवारी त्यांचा गळा कापणार आहेत."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला.

"आज सकाळचं बघते. 'दे की, आज फार छान झालीय.' मूळ संकेत... 'नको'."

"आणि डॉक्टर आले होते त्या दिवशीचं?"

शिरोडकरबाईंना या वेळी जास्त वेळ लागला. "हे मोठं वाक्य आहे. 'हो डॉक्टर, मला जगायचंय.' मूळ संकेत, 'नको'. एवढाच." त्यांचा आवाज बदलला. "थांबा हं. असं व्हायला नको खरं तर. मी याचं कारण बघते."

कारण त्यांना सापडलं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. बोलण्यातला गोडवा कंपनीनंच सगळ्यांसाठी वरून घातला होता, पण शिरीषरावांची भाषा प्रवाहानं त्यांच्याच मजकुरावरून शिकून घेतली होती. त्या मजकुरात एक गोष्ट पुन्हापुन्हा यायची. 'नको.' मग परत 'नको.' मग 'बरं, वाढ.' तीन वर्षं, जवळजवळ रोज, दोन्ही जेवणांना. नको लिहिलं आणि ते नकोवरच थांबलं असं क्वचितच झालं होतं. त्यावरून प्रवाहानं अर्थ काढला की या माणसाच्या बोलण्यात नको ही होकाराची सुरुवात असते. मग त्याची कशाला वाट बघायची, म्हणून तो पहिल्याच नकोला होकार देऊन मोकळा व्हायला लागला.

"पण मध्ये काय घडायचं ते आम्हाला दिसत नाही," शिरोडकरबाई म्हणाल्या. "बोरू फक्त त्यांचं लिहिलेलं जपून ठेवायचा. दोन नकोंच्या मध्ये काय व्हायचं हो?"

उज्ज्वलाला उत्तर माहीत होतं.

मध्ये ती असायची. "अहो, थोडीशीच घ्या." मग "माझ्यासाठी एक घास." मग "एवढं केलंय मी, ते काय टाकून देऊ?" डुबलांच्या घरात पहिल्या नकोला कुणी हात मागे घेत नव्हतं. ती सासूकडून हेच शिकली होती. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते लाजून, तिसऱ्यांदा वाढायचंच. आग्रह केल्याशिवाय जेवण झालं असं तिच्या मनाला वाटायचंच नाही. शिरीषराव कुरकुरायचे, पण तिसऱ्या वेळी कायम हो म्हणायचे. तिला वाटायचं, भूक असते पण मागायला संकोच वाटतो. यंत्राला तिचा आग्रह ऐकूच आला नव्हता. त्याला फक्त तिचा नवरा रोज हार मानताना दिसला होता आणि त्यानं ते त्यांचं मन समजून घेतलं होतं.

"आणखी एक बघाल का?" तिनं चाचरत विचारलं. "ते म्हणाले होते, मला मी नसल्यासारखं वाटतंय. जरा थकवा आहे."

"मूळ संकेत... 'हा मी नाही'."

उज्ज्वला पदराचा बोळा तोंडाशी धरून भिंतीला टेकली. तिला उशी आठवली.

ऋतुजाला तिनं दुपारी फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ऋतुजा चिडली.

"आई, एका शब्दावरून तू सगळंच खोटं ठरवतेयस. यंत्र चुकलं असेल एखाद्या वेळी. म्हणून काय बाबांचं सगळं बोलणं खोटं?"

"डॉक्टरांना दिलेलं उत्तर चुकलंय, ऋतू. खिरीचं नव्हे."

"मग काय करायचं म्हणतेस? बाबांना मरू द्यायचं?" तिचा आवाज चढला. "तुला खरं सांगू का? बाबा गोड बोलायला लागले ते तुझ्या पचनी पडत नाही. मला जन्मात पहिल्यांदा म्हणाले ते, की अभिमान वाटतो. तेही यंत्रच होतं म्हण आता!"

उज्ज्वला काहीच बोलली नाही आणि ऋतुजाला ते न बोलणं ऐकू गेलं.

"तू विचारलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "तू माझंपण विचारलंस त्या बाईंना."

"विचारलं."

"काय लिहिलं होतं बाबांनी?"

"जाऊ दे ना आता."

"आई, सांग."

"'बरं. पगार वाढला का?'" उज्ज्वला म्हणाली. "एवढंच लिहिलं होतं."

पलीकडे ऋतुजा हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

"हेच आहेत बाबा," ती म्हणाली. "अगदी हेच. मी फोन केला आणि ते असं बोलले असते ना, तर मी म्हणाले असते, वाढला हो, पण टॅक्सपण वाढला." तिनं नाक ओढलं. "त्यांचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे. मी नेला होता पोरांना खेळायला. त्यात जुनी प्रणाली तशीच आहे, बोरूसकट. उद्या घेऊन येते."

मंगळवारी ती आली ती सरळ पलंगाशी गेली नाही. चप्पल काढताना वेळ लावला, पाणी प्यायली, आईच्या तब्येतीची विचारपूस केली. मग बॅगेतून लॅपटॉप काढून तिनं शिरोडकरबाईंना फोन लावला. नियमात बसत नाही असं म्हणतच त्या बाईंनी वाट दाखवली. डबीच्या मागच्या बाजूला जुन्या वायरीची जागा होती आणि ती कंपनीनं अजून बुजवली नव्हती. मूळ संकेत तिथून कुणी हात न लावता बाहेर यायचा. ऋतुजानं नवा संगणक बंद केला. घरातला गोड आवाज थांबला. तिनं वायर जोडली, बोरू उघडला आणि बाजूला झाली.

पांढरा पडदा. बराच वेळ काही नाही. मग एक अक्षर आलं आणि दुसरं यायला तेवढाच वेळ लागला.

"उशी काढ," पडद्यावर उमटलं.

उज्ज्वलानं ती जास्तीची उशी ओढून काढली आणि जमिनीवर फेकली. तिला हुंदका आवरेना. "इतके दिवस मान दुखत होती का हो?"

"हो."

"मला कळलं नाही हो. तुम्ही बोलतच होता की. इतकं छान बोलत होता..."

अक्षरं पुन्हा सरकू लागली. ऋतुजा पुढे येऊन पलंगाच्या कडेला बसली. "ओरडत होतो," बाबांनी लिहिलं. थोडा वेळ गेला. मग पुढची ओळ. "तो गोड बोलायचा. तू हसायचीस."

नाही म्हणणं खोटं झालं असतं. उज्ज्वलानं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि मान खाली घातली. ती त्या दुसऱ्या आवाजावर भाळली होती आणि ज्याचा तो आवाज होता तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत आत कोंडून पडला होता.

संध्याकाळी डॉक्टर फडतरे आले. उज्ज्वलानं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी लॅपटॉप पाहिला, वायर पाहिली आणि शिरीषरावांच्या डोळ्यांसमोर येईल अशी खुर्ची ठेवून बसले. या वेळी ते पडद्याकडे पाठ करून बसले होते. उज्ज्वलाला तेवढ्यावरूनही बरं वाटलं.

"माझ्या नोंदीत होकार आहे," ते म्हणाले. "पण मी असल्या होकारावर सुरी चालवणार नाही. परत विचारा. माझ्यासमोर विचारा. जे येईल ते मी मानीन."

उज्ज्वला पलंगाशी गेली. "अहो, गुरुवारी गळ्याचं ऑपरेशन करायचं का? यंत्र लावायचं का?"

पडद्यावर दोन अक्षरं यायला फार वेळ लागला नाही. "नको."

डॉक्टरांनी मागं वळून ते वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुमच्या घरात नकोचा अर्थ काय होतो ते तुम्हीच मला सांगितलंत. मग हा नको कसला समजायचा?"

उज्ज्वलानं पुन्हा विचारलं. "अहो, यंत्र लावलं तर अजून वर्षं मिळतील आपल्याला. मी करेन सगळं. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. लावू या ना?"

"नको."

"आई," ऋतुजानं तिचा दंड धरला, "परत विचार. बाबा तिसऱ्या वेळी हो म्हणतात. विचार की!"

म्हणतील, हे उज्ज्वलाला माहीत होतं. त्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती आणखी एकदा वाकली असती, "माझ्यासाठी" एवढंच म्हणाली असती, तर पडद्यावर 'बरं' उमटलं असतं. डॉक्टरांनी ते मानलं असतं आणि गुरुवारी गाडी सातारला निघाली असती. मग पुढच्या दिवाळीलाही हे कपाळ तिच्या हाताखाली असतं आणि त्याच्या पुढच्याही. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तोंड उघडलंही.

ती ज्याला संकोच म्हणत आली होती तो संकोच कधीच नव्हता. ताटावर वाकून, हातात पळी धरून उभी राहिलेली बायको त्यांना बघवत नसे, म्हणून ते घ्यायचे. पोटात जागा असो वा नसो, घ्यायचे. आता ती वाढणार होती ती श्वासाची वर्षं होती, आणि ती गिळावी लागणार होती त्यांना एकट्याला.

तिनं उघडलेलं तोंड मिटलं. ऋतुजाचा हात हलकेच सोडवला आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. खोलीत फक्त मुखवट्याच्या पंपाचा आवाज होता. डॉक्टर वाट बघत होते, ऋतुजा तोंडावर हात ठेवून रडत होती, आणि उज्ज्वला विचारत नव्हती. तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यात जड काम तेच होतं. त्यात हातसुद्धा हलवायचा नव्हता.

पडद्यावर अक्षरं येऊ लागली. कुणी काही विचारलेलं नसताना.

"आग्रह संपला?"

रडता रडता तिला हसू फुटलं. सगळा जन्म ती याच खवचटपणाशी भांडली होती. तिनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पडद्याकडे न बघता, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "संपला."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "गुरुवारी आम्ही येत नाही, डॉक्टर."